गिरणगाव दोन, नकाशा एकाचाच

मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जमिनीचे काय करायचे हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे मुंबईतच चर्चिला जातो. चर्चेला कोण असते? गिरणीमालक, बिल्डर, महापालिका, नगररचनाकार आणि कोर्टात उभे राहणारे वकील. कधीमधी म्हातारे गिरणी कामगार मोर्चा काढतात, तेव्हा त्यांनाही दोन मिनिटे मिळतात. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या चर्चेला कोणी बोलावत नाही. मग जिल्हा बैठकीत विषय काढला की आपलाच एखादा भाऊ विचारतो, "परळच्या जमिनीशी आपला काय संबंध? आपल्या ज्वारीच्या भावाचे बोला."

ज्वारीच्या भावाचे आम्ही रोजच बोलतो. आज परळचे बोलणार आहोत, कारण तो संबंध आहे आणि तो जुना आहे.

आमचे म्हणणे असे की गिरणगाव एक नव्हतेच, दोन होते. एक परळ, लालबाग, शिवडी, वरळीला. दुसरे माण, खटाव, पाटण, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतला. पहिल्याची धुराडी लांबून दिसत. दुसऱ्याच्या चुली कुणाला दिसल्या नाहीत. गिरण्या बंद पडल्या तेव्हा दोन्ही गावे बुडाली. विकासाचा आराखडा मात्र एकाचाच निघाला, आणि तोही तिथल्या माणसांचा नव्हे, तिथल्या जमिनीचा.

गिरणीत आपले काय काय गेले

कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवला मुंबईची पहिली गिरणी उभी राहिली. पुढे सव्वाशे वर्षे मुंबई मोठी झाली ती या धंद्यावर. धंद्याला भांडवल लागले ते व्यापाऱ्यांनी घातले, असे इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेले असते. खरे आहे. पण आणखी तीन गोष्टी लागल्या, आणि त्या तिन्ही घाटावरून गेल्या.

पहिल्यांदा माणसे गेली. तेव्हा सातारा जिल्हा एकच होता. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. कोकणाच्या खालोखाल गिरण्यांना माणसे मिळाली ती याच पट्ट्यातून आणि कोल्हापुराकडून. मुंबईने त्यांना 'घाटी' म्हणून ठेवले. ही माणसे हौसेने गेली नाहीत. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि माणमध्ये पाचशेच्या आत-बाहेर घुटमळतो. खरिपात बाजरी, रब्बीत शाळू. हस्ताने हात दिला तर शाळू साधतो, नाहीतर पोटरीतच वाळतो आणि कडबासुद्धा पदरात पडत नाही. अशा रानावर चार भाऊ जगत नाहीत. म्हणून एक भाऊ बांधावर राहिला आणि एक भाऊ साच्यावर गेला.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा कोरडवाहू शेतीवर जाडजूड पुस्तके वाचली. ओलावा टिकवायचे उपाय त्यात होते, बैलजोडीचा तासाचा खर्च होता, हेक्टरी नफ्या-तोट्याचे तक्ते होते. मनिऑर्डर हा शब्द एकाही तक्त्यात नव्हता. माणदेशातली शेती ज्या खतावर उभी होती ते खत पोस्टमन आणून टाकत होता! मृगाच्या आधी बियाण्याला पैसे मुंबईचे, बैल बदलायला पैसे मुंबईचे, विहिरीला सुरुंग लावायला पैसे मुंबईचे, पोरीच्या लग्नाला पैसे मुंबईचे. सोसायटीचे कर्ज बागायतदाराला मिळे. कोरडवाहूवाल्याची सोसायटी म्हणजे गिरणीतला भाऊ.

दुसरा गेला कापूस. हा हिशेब वऱ्हाड-मराठवाड्यातल्या भावांना पाठ आहे. आपल्याकडे जत-आटपाडीला थोडाफार कापूस उरला आहे, म्हणून पुन्हा मांडतो. एक क्विंटल कापूस पिंजून रुई निघते चौतीस किलोच्या आसपास, बाकी सरकी आणि घट. रुईची एक गाठ १७० किलोची, म्हणजे गाठीमागे पाच क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पडला तर आपण त्याला बरे वर्ष म्हणतो. म्हणजे एक एकर रान आणि एक कुटुंब वर्षभर राबले की गिरणीच्या दारात एक गाठ पडते. त्या गाठीचे सूत, सुताचे कापड, कापडाचा सदरा. प्रत्येक पायरीवर किंमत चढते आणि चढलेल्या किमतीतला पैसासुद्धा रानात परत येत नाही. ही गाठ स्वस्त मिळावी म्हणून काय काय झाले ते आठवा. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि आपला कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेणे हा गुन्हा ठरला. २०१० च्या एप्रिलमध्ये निर्यात रोखली. २०१२ च्या मार्चमध्ये पुन्हा रोखली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपला कापूस बोंडात असताना, परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी वर्षअखेरीपर्यंत वाढवली. मुंबईच्या गिरण्या मेल्या, पण गिरण्यांसाठी केलेले 'कापूस स्वस्त पाहिजे' हे धोरण जिवंत आहे.

तिसरे गेले पाणी. याची चर्चा सगळ्यात कमी होते. मुंबईच्या गिरण्या आधी कोळशावर चालत. मग टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला तळी बांधली, भीमेच्या खोऱ्यातले पाणी सह्याद्रीवरून खोपोलीला पाडले आणि १९१५ साली तिथली वीज गिरण्यांकडे धावू लागली. मुळशीचे धरण आले तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबर मावळे सत्याग्रहाला बसले ते याच विजेसाठी बुडणाऱ्या गावांकरिता. स्वातंत्र्यानंतर आपल्या पाटण तालुक्यात कोयनेचे धरण झाले. पूर्वेला वाहणारी नदी पश्चिमेला वळवली. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असे वळवायला बच्छावत लवादाने १९७६ च्या निवाड्यात मान्यता दिली. ते पाणी पोफळीला वीज देते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. वीज जाते मुंबई-पुण्याला आणि कारखान्यांना. धरणात गावे गेली त्यांतले कितीतरी लोक आजही पुनर्वसनासाठी उपोषणाला बसतात.

आता याची दुसरी बाजू बघा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना कशासाठी? कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांच्या चढावर चढवण्यासाठी. चढवायला वीज लागते. वीजबिल थकले की पंप बंद, आणि उभे पीक करपते. हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. खोऱ्यातले पाणी खाली पाडून केलेली वीज शहराला, आणि त्याच खोऱ्यातले पाणी वर चढवायचे बिल आम्हाला! हा कोणता हिशेब?

संप कशावर चालला

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार. पगार आणि बोनस हे मुद्दे होतेच. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकच युनियन कामगारांच्या डोक्यावर बसवली होती, तीही बदलायची होती. म्हणून ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. या संपावर पुस्तके निघाली, नाटके निघाली, सिनेमे निघाले. सरकारचे काय चुकले, सामंतांचे काय चुकले, मालकांनी कसा डाव साधला, सगळे लिहून झाले.

एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. अडीच लाख माणसे वर्षभर आणि त्याहून जास्त, बिनपगारी, काय खाऊन लढली?

ज्वारी खाऊन. आपल्या कणगीतली. पहिल्या दोन महिन्यांतच चाळीतल्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या, खानावळीच्या वह्यांत उधारी चढली, आणि माणसे एसटीच्या टपावर वळकट्या टाकून गावाला आली. ज्या घरांना मनिऑर्डर येत होती त्या घरांनी आता उलटी मनिऑर्डर सुरू केली: पिठाची, ज्वारीची, शेंगांची, आणि ते संपले तेव्हा दागिन्यांची आणि बैलांची. रान गहाण पडले. घरातली एक बाई शाळू खुडायला आणि दुसरी रोजगार हमीच्या खडीवर, असे करून संप जगवला. खुद्द मुंबईत खानावळी चालवणाऱ्या बायांचे हाल वेगळेच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते ते याच बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. संपात त्यांची गिऱ्हाइकेच गावाला गेली.

तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विझला. १९८५ साली केंद्राचे नवे कापड धोरण आले आणि आजारी गिरणी बंद करायची वाट मोकळी झाली. कापड मात्र बंद झाले नाही, हे नीट लक्षात घ्या. तेच कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि आपल्या विट्याच्या यंत्रमागावर विणले जाऊ लागले. आठ तासांच्या जागी बारा तास, पगाराच्या जागी मीटरवर मजुरी, फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. बंद झाले ते एवढेच. सांगलीजवळ माधवनगरची कॉटन मिलही अशीच गेली. खानापूर-आटपाडीच्या कितीतरी घरांची पोरे सोने-चांदी गाळायच्या भट्ट्यांवर देशभर पांगली. अॅसिडच्या धुरात बसून त्यांनी गावाकडे घरे बांधली. विट्याच्या रस्त्यावरची माड्या-बंगले पाहून एखादा अधिकारी म्हणतो, "कसला दुष्काळी तालुका?" त्याला सांगा की हे बंगले शाळवावर उठलेले नाहीत.

जमिनीचा विकास

आता पहिल्या गिरणगावाचे काय केले ते पाहू.

१९९१ साली मुंबईच्या विकास नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचे तीन हिस्से: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मालकाला जमीन विकू द्यायची ती का? तर त्या पैशातून गिरणी नवी व्हावी आणि कामगारांची देणी भागावीत म्हणून. कागदावर ठीक होते. १९९६ साली वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा दिला. तो बाजूला राहिला. २००१ साली नियमातच बदल केला: वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त आधीपासून रिकामी पडलेल्या जागेची. ज्या जागेवर शेड उभी होती ती वाटणीतून सुटली. साडेतीन एकरांच्या वाटणीत बांधावरच्या दोन गुंठ्यांचीच मोजणी करायची आणि उरलेले रान थोरल्याने घ्यायचे, असा हा प्रकार. आपल्या तलाठ्यालाही हे सुचले नसते.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये मोठी जमीन वाटणीत धरली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निकाल फिरवला. दरम्यान २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारच्याच कंपनीने, पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलचे ७०२ कोटी, कोहिनूर तीन नंबरचे ४२१ कोटी, ज्युपिटरचे २७६ कोटी. पाचांचे मिळून दोन हजार कोटींच्या वर. त्या वर्षी शाळवाला काय भाव होता ते ज्याचे त्याने आठवावे.

त्यानंतर तिथे काय उभे राहिले ते तुम्ही मुंबईला जाता तेव्हा पाहताच. फिनिक्स गिरणीत बाजारपेठ झाली. कमला मिलच्या आवारात हॉटेले झाली. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री तिथल्या आगीत चौदा माणसे गेली. याला 'गिरणगावचा कायापालट' म्हणतात. काया पालटली यात शंका नाही. ज्याची काया होती तो मात्र तिथे राहिला नाही.

आणि कामगार? म्हाडाकडे दीड लाखाच्या आसपास कामगार आणि वारसांनी अर्ज भरले. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, किंमत साडेसात लाख. शंभरात पाचांना घर, तेही विकत. पुढे आणखी काही सोडती निघाल्या. मग २०२४ मध्ये सरकारने उरलेल्यांना शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखवला. परळपासून तासाभराहून अधिक लोकलचा प्रवास. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानावर जमले ते "आम्हाला मुंबईतच घर द्या" म्हणायला. आमचा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. गिरणीची जमीन गिरणीत राबलेल्याला मिळालीच पाहिजे.

पण भावांनो, उद्या दीड लाखच्या दीड लाख घरे मिळाली तरी दुसऱ्या गिरणगावाचा हिशेब मिटत नाही. १९८३ साली वळकटी घेऊन जो परत आला आणि इथेच मेला, ज्याच्या बायकोने संपात गहाण पडलेले रान सोडवायला वीस वर्षे खडी फोडली, त्याच्या गावाला या दोन हजार कोटींतून काय आले? एक साधा पाझर तलावसुद्धा नाही.

येरळेची वाळू

"तुम्हाला काय पाहिजे ते तरी सांगा," असे आम्हाला विचारतात. विचारणाऱ्याला वाटते की शेतकऱ्याकडे गाऱ्हाणे असते, योजना नसते. म्हणून त्याला आम्ही खानापूर तालुक्यात येरळेकाठी नेतो.

संपातून परतलेले कामगार रोजगार हमीच्या कामांवर लागले. ते गिरणीत युनियन करून आलेले होते, त्यामुळे खडी फोडता फोडता त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेच रस्ते दर वर्षी का? दुष्काळाचे काम दुष्काळ हटवणारे का नाही? यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. तेव्हा येरळेच्या पात्रातली वाळू सरकार ठेकेदाराला लिलावाने देत होते. ट्रकच्या ट्रक भरून वाळू शहरात बांधकामाला जात होती आणि काठच्या विहिरी आटत होत्या. पात्रातली वाळू म्हणजे नुसती रेती नसते. ती पाणी धरून ठेवणारी कणगी असते. ती उपसली की पूर येऊन निघून जातो आणि विहिरीला पाझर फुटत नाही. हे शेतकीच्या पदवीविनाही काठच्या माणसाला कळते.

तांदुळवाडी आणि बलवडी या दोन गावांनी सांगितले: वाळू आमच्या नदीची, तिच्यावर पहिला हक्क आमचा. ठेकेदार बंद. वाळूचा ठरावीक हिस्साच विकू, आणि येतील त्या पैशात नदीवर आमचे धरण बांधू. अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली. सरकारने अडवले, कागद फिरवले, परवानगी रखडवली. तरीही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पाण्याचे वाटप जमिनीच्या आकारावर ठेवले नाही, घराघराला समान ठेवले, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा दिला. पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांत समन्यायी वाटपाची मागणी झाली ती याच धाग्याने.

आता वाळूच्या जागी परळची जमीन ठेवा. मुद्दा तोच आहे. एका ठिकाणच्या कष्टाने आणि निसर्गाने साठलेले धन विकायला निघाले. ते कुणाचे? येरळेकाठी लोकांनी उत्तर दिले आणि पैसा नदीतच ठेवला. परळला सरकारने उत्तर दिले आणि पैसा टॉवरच्या पस्तिसाव्या मजल्यावर गेला.

"पण गिरणीची जमीन मालकाची खासगी होती," असा वकिली मुद्दा येतो. त्यातली काही सरकारी आणि पालिकेच्या भाडेपट्ट्यावरची होती, ते सोडून देऊ. खासगी जमिनीला सोन्याचा भाव कशाने आला? जागेवर गिरणी चालवायची परवानगी होती, तिथे टॉवर बांधायची परवानगी दिली. ही परवानगी सरकारची, म्हणजे जनतेची. मालकाने ती पेरली नाही, खुरपली नाही. आपल्या जिरायत रानाला बिगरशेती करायची म्हटली तर सरकार दर चौरस मीटरला पैसे मागते. मग परळच्या बिगर-गिरणीला का नाही?

जर्मनीत रूर नावाचा कोळशा-पोलादाचा पट्टा आहे. तिथले कारखाने बंद पडले तेव्हा त्यांनी एकेका कारखान्याची जमीन एकेका बिल्डरला दिली नाही. १९८९ पासून दहा वर्षे सतरा शहरांचे मिळून एकच काम हाती घेतले आणि त्यात नासलेली एम्शर नदी सुधारण्याचे कामही धरले. त्यांनी पट्टा धरला, आपल्या सरकारने प्लॉट धरला.

लांब कशाला जायचे, वाट आपल्याच जिल्ह्यातून गेलेली आहे. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विसापुरात १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिला पैसा कुठून आला? १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या कमाईतला वाटा दुष्काळी गावच्या कामाला जावा हे तत्त्व पन्नास वर्षांपूर्वी विधानसभेने मान्य केलेले आहे. पगारावर कर बसतो आणि जमिनीच्या कमाईवर बसत नाही, असे कोणते शास्त्र आहे?

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. गिरणीच्या जमिनीवर जिथे जिथे नवे बांधकाम आणि वाढीव चटई क्षेत्र मिळते, तिथे अधिभार लावा. तो सरकारच्या सामान्य तिजोरीत टाकू नका. तिथे गेलेला पैसा गावात पोचत नाही, हे व्यवसाय कराने शिकवले आहे. ज्या तालुक्यांतून गिरणी कामगार गेले त्या तालुक्यांच्या नावाने तो वेगळा ठेवा. आणि तो पहिल्यांदा पाण्याला लावा: टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या पाण्याला, ते वावरापर्यंत नेणाऱ्या बंदिस्त नळांना, उपशाच्या वीजबिलाला, आणि जिथे ही योजना पोचत नाही तिथे बलवडीसारख्या गावच्या बंधाऱ्यांना. पाणी माणशी समान, आणि हिस्सा घरातल्या बाईच्या नावावर. संप तिने जगवला, सातबाऱ्यावर मात्र ती नाही.

पाण्याला पहिला नंबर का, ते शेतकी माणूस म्हणून सांगतो. शाळवाला फुलोऱ्याच्या आसपास एक संरक्षित पाणी मिळाले तर दाणाही भरतो आणि कडबाही. कापसाला पाते-बोंडे धरताना एक पाणी मिळाले तर गळ थांबते. एका पाण्याने कोरडवाहू रान बागायत होत नाही, होऊही नये. पण घरातल्या दोघांपैकी एकाला गाव सोडावे लागत नाही. ऊसवाल्याला दहा-दहा दिवसांनी लागणाऱ्या पाण्यात अशी कितीतरी राने भिजतात.

आमचे काही पुढारी म्हणतील, "पाण्याचे पुढे बघू, आधी टेक्सटाइल पार्क आणतो." सावध राहा. महाराष्ट्राच्या वाट्याचा केंद्राचा मोठा पार्क अमरावतीला गेला आहे, आणि कापूस तिथेच पिकतो म्हणून ते रास्तही आहे. आपल्याकडे मात्र गेली चाळीस वर्षे जिथे बोंड दिसत नाही तिथे सूतगिरण्या निघाल्या. भागभांडवल सरकारचे, जमीन शेतकऱ्याची, अध्यक्षपद घरातले. गाठी यायच्या वऱ्हाडातून आणि गुजरातेतून. बऱ्याच बंद पडल्या, आणि त्यांच्याही जमिनीवर डोळे आहेत. परळचेच नाटक, फक्त गावठी कंपनीने बसवलेले. आम्ही उद्योगाच्या विरोधात नाही. ज्या रानात कापूस पिकतो त्याच्या जवळ जिनिंग, सरकीचे तेल, छोटे कातण उभे राहावे आणि त्यात कापूस घालणाऱ्याचा भाग असावा, हे आम्ही पहिल्यापासून म्हणतो. पण पाणी नसलेल्या तालुक्यात पार्काची पाटी लावली तर जमीन जाईल, पाटी राहील, आणि वीस वर्षांनी तिचाही लिलाव होईल.

आता कामाचे. या मागणीला सरकार पहिला सवाल करील की तुमच्या गावातून गिरणीत किती गेले, पुरावा काय? म्हाडाकडे अर्ज आहेत ते घर मागणाऱ्यांचे. ज्यांनी अर्जच भरला नाही त्यांची नोंद कुठेच नाही. ती आपणच करायची. प्रत्येक गावाने एक वही घालावी. गिरणीत गेलेल्याचे नाव, गिरणी कोणती, खाते कोणते, कधी लागला, कधी परतला. तिकीट, पगाराची चिठ्ठी, फंडाचा कागद काही असेल तर त्याची झेरॉक्स. देणी मिळाली की नाही. संपाच्या काळात गहाण पडलेले किंवा विकलेले रान, गट नंबरासह. वारस कोण, विधवा हयात आहे का. म्हातारी माणसे भराभर चालली आहेत, म्हणून पेरणीची वाट बघू नका. सुगीनंतर नव्हे, याच महिन्यात बसा. बायांना आधी विचारा, पुरुषांना गिरणीचे नाव आठवते, पण काय विकले ते बायांनाच आठवते. वही दोनशे पानी साधी चालेल, ग्रामसेवकाची सही नसली तरी चालेल. सातारची वही सातारच्या बैठकीत, सांगलीची विट्याच्या बैठकीत आणायची आहे.